गोव्याच्या सत्तरी तालुक्यात तंबू टाकणार असाल तर: बिबट्याचं नंतर, आधी तो शिक्का बघा

‘उद्देशाच्या रकान्यात काहीही लिहा, चालतं,’ असं परवानगीच्या अर्जाबद्दल तुम्हाला कार्यालयात सांगितलं, हे तुमच्या पोस्टमध्ये वाचलं आणि हातातला चहा खाली ठेवला. हेच वाक्य मी २०२१ च्या फेब्रुवारीत ऐकलं होतं. तुम्ही तिघं डिसेंबरअखेर पुण्याहून येऊन सत्तरीत म्हादई नदीच्या काठी दोन रात्री तंबू टाकणार, आणि विचारताय बिबट्याबद्दल. बिबट्याचं नंतर बघू.

(तंबू, पाणी, अंथरूण हे तुम्हाला कळतं असं धरून चालतो. मी वनखात्यात नाही, डॉक्टर नाही, वकील तर नाहीच. डिचोलीचा आहे, वीसेक वर्षं या रानात हिंडतोय, एवढीच लायकी.)

आम्ही चौघे होतो. अभयारण्यात मुक्काम करायला लेखी परवानगी लागते हे ठाऊक होतं, म्हणून हद्दीबाहेरची नदीकाठची जागा हेरली. पण म्हादई अभयारण्याला कुंपण नाही. १९९९ साली २०८ चौरस किलोमीटर जाहीर झालं तेव्हा त्यात गावंच्या गावं आली. कुळागर (सुपारी-नारळाची बाग) कुठे संपतं आणि अभयारण्य कुठे लागतं, हे बाहेरच्याला नुसतं बघून कळत नाही. म्हणून खात्री करायला एका सरकारी कार्यालयात गेलो. कुठलं ते लिहीत नाही. तीन टेबलं फिरवलं. तिसऱ्या टेबलावरचे गृहस्थ म्हणाले, आमच्या फॉर्मात कॅम्पिंग असा प्रकार नाही, ‘साइट इन्स्पेक्शन’ लिहा. लिहिलं. त्यांनी आमच्या प्रतीवर गोल शिक्का मारला. तो कागद आम्ही प्लास्टिकच्या पिशवीत घालून ताम्रपटासारखा जपला.

पुण्यात बातमी किती पोचली माहीत नाही, पण त्याच वर्षी जानेवारीत सत्तरीतल्याच शेळ-मेळावलीत आयआयटीच्या जागेवरून गाव उठलं होतं. मोजणी अडवली, पोलिसांशी झटापट झाली, आणि शेवटी प्रकल्प तिथून हलवतो असं सरकारला जाहीर करावं लागलं. या तालुक्यात पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्या कित्येकांच्या नावावर जमीन नाही, मोकाशांच्या (जुन्या इनामदारांच्या) जमिनींचं दुखणं जुनं आहे. आणि त्यानंतर महिन्याभरात आम्ही चार अनोळखी माणसं तिथे हजर. गळ्यात जीपीएस, एकाकडे ड्रोन, आणि तंबूला सपाट जागा हवी म्हणून दुपारभर पावलं मोजत फिरतोय. आज आठवलं की माझंच मला हसू येतं.

रात्री साडेदहाला पंचवीसेक माणसं आली. काहींच्या हातात कोयते. गावात कोयता हातात असतोच, त्याचा वेगळा अर्थ काढायचा नसतो, पण त्या वेळी एवढी अक्कल शिल्लक राहत नाही. “कोण तुमी? खंयचे?” आमच्यातला एक घाईघाईने म्हणाला, परवानगी आहे, आणि कागद पुढे केला. एका कॉलेजातल्या पोराने मोबाइलच्या उजेडात मोठ्याने वाचलं, साइट इन्स्पेक्शन. मागून कोणीतरी ओरडलं, “जमीन मेजूंक आयल्यात मरे हे!” म्हणजे, जमीन मोजायला आलेत हे.

त्यानंतर आम्ही काय बोललो ते कोणी ऐकलं नाही. अंगाला मात्र कोणी हात लावला नाही, हे मुद्दाम सांगतो. आत्ताच्या आत्ता निघा, एवढंच. गाडी चार किलोमीटरवर डांबरी रस्त्याला. घाबरलेली माणसं शहाणपणा करतात तसा आम्ही केला, मळलेली वाट सोडून झाडीतून आडवे घुसलो. तिथे मित्राचा पाय फासात अडकला. रानडुकरासाठी लावलेली क्लच-वायर. घोट्याला सात टाके. वीस वर्षांत रानात झालेली सगळ्यात वाईट जखम ती, आणि तिच्यात जनावराचा काही संबंध नाही.

चार दिवसांनी त्याच टेबलापुढे उभा राहिलो. उत्तर मिळालं, ही परवानगी नव्हेच, हा आवक शिक्का आहे. तुमचा अर्ज पोचला, इतकाच त्याचा अर्थ. मग परवानगीचं काय? “फाइल पुढे गेलीय.” अजून जातच असेल. अहो, शिक्का मारताना हे एक वाक्य बोलायला कितीसा वेळ लागतो? जाऊ दे, बीपीची गोळी घ्यावी लागेल.

आता माझं मत, न पटलं तर सोडून द्या. जागा नकाशावर ठरवून येऊ नका. दुपारी तीन-चारच्या आत वाड्यावर, म्हणजे वस्तीवर, पोचा, दुकानात चहा घ्या, कुठले, किती जण, किती रात्री ते आपणहून सांगा, पंचाला फोन करायला सांगा. कोणी म्हणालं तिथे नको, इथे झोपा, तर का म्हणून विचारत बसू नका. देवराई असेल, गव्यांची पाण्यावर यायची वाट असेल, किंवा रात्री बंदूक घेऊन फिरणाऱ्यांची. शिकार बंद आहे ती कागदावर. तसले लोक बॅटरी मारून चमकणारे डोळे शोधतात, म्हणून काळोखात झाडीत गुपचूप बसू नका. तंबूबाहेर एक कंदील पेटता ठेवा, आवाजात बोला. डिसेंबरात येताय ते एका अर्थी बरं. मार्च-एप्रिलला काजूच्या दिवसांत रात्री बागायतीत अनोळखी दिसला की तो चोरच, आणि बोंडू खायला गवे येतात ते वेगळंच.

पुढच्या वर्षी मी त्याच गावात गेलो, या वेळी दिवसाढवळ्या. कागद वाचणाऱ्या त्या पोराच्याच अंगणात तंबू लावला. सकाळी त्याच्या आजीने पेज आणि मिसकूट (कैरीचं लोणचं) दिलं, आणि वर “मेजून जालें?” म्हणून विचारलं.

बरं, जनावरं. बिबट्या तुम्हाला टाळतो. रात्री एकट्याने लांब जाऊन वाकून बसू नका, बोलत जा, म्हणजे झालं. अस्वलालाही तुमचा आवाज आधी गेलेला बरा. एकट्या गव्याला वाट द्या, फोटो नको. मला भीती वाटते ती जमिनीवरच्यांची. मण्यार झोपेत चावते, बऱ्याचदा दुखत नाही, दातांची खूणही दिसत नाही. पहाटे कोणाच्या पोटात कळ आली, पापण्या जड झाल्या, तर अपचन समजून बसू नका. उघड्यावर झोपू नका, तंबूची चेन लघवीला जातानाही लावा. घाटात वाळक्या पानाच्या रंगाचा, नाकावर उंचवटा असलेला एक छोटा चापडा (विषारी साप) असतो. त्याच्या विषावर आपल्याकडची प्रतिसर्पविष लस चालत नाही, म्हणून पाचोळ्यात हात घालायचा नाही. कोणताही साप असो, कापणं-चोखणं-आवळून बांधणं नको. पाय हलू न देता आधी वाळपईचं आरोग्य केंद्र, मग बांबोळीचं गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज). १०८ ला फोन लागतो, पण रेंज हवी. ती कुठल्या दगडावर येते ते उजेडातच शोधून ठेवा.

आणि गोचीड. सत्तरीत २०१५ पासून गोचिडीच्या चाव्याने होणाऱ्या माकडतापाचे रुग्ण सापडले आहेत, माणसं दगावलीही आहेत, आणि हंगाम तुम्ही येताय तिथपासूनच सुरू होतो. पाचोळ्यावर लोळू नका, मेलेल्या माकडाच्या आसपास फिरकू नका, संध्याकाळी कपडे उतरवून अंग तपासा. परत गेल्यावर आठवड्याभरात जोराचा ताप आला तर पुण्याच्या डॉक्टरला ‘मी सत्तरीच्या रानात होतो’ हे पहिल्या वाक्यात सांगा. त्याला ते आपणहून सुचणार नाही.

मिरचीचा स्प्रे आणायचा तर आणा, माझी हरकत नाही. ड्रोन घरी ठेवा. आणि तुमच्या त्या प्रतीवर नुसता गोल शिक्का आणि आवक क्रमांक आहे, की खाली मंजुरीची ओळ, सही, हुद्दा असं काही आहे? नाव-नंबर झाकून फोटो टाका, बघून सांगतो.