आईला कल्याणला का पाठवायचं?

ताई,

डोंबिवली पूर्वेला आमचा वन बीएचके आहे. बाबांनी १९८८ साली घेतलेला. तिसरा मजला, लिफ्ट नाही, त्यामुळे गिऱ्हाईक मिळायला वेळ लागणार हे माहीत आहे. बाबा जाऊन दोन वर्षं झाली. मी ठाण्यात, बहीण न्यू जर्सीला. ब्लॉक काढून टाकायचं आम्ही दोघांनी ठरवलं आहे. एजंट म्हणतो, व्हिडिओ टूर बनवू या, म्हणजे दुबई-बंगळूरची माणसंही बसल्या जागी बघतील आणि नुसतं बघून जाणाऱ्यांची वर्दळ थांबेल. बायको म्हणते, घराच्या आतलं सगळं परक्यांच्या मोबाइलवर जाणार, चोराला आयता नकाशा मिळेल. बहिणीला हे ऐकून हसू येतं. तिच्याकडे म्हणे घरं अशीच विकली जातात. शूटिंगला दोन तास लागतील. त्या दिवशी आईला कल्याणला मावशीकडे पोचवायची सोय होऊ शकते. तर व्हिडिओला परवानगी द्यावी का?

— निर्णय होत नसलेला, ठाणे

कल्याणला का?

पत्र मी तीनदा वाचलं. त्यात बायको काय म्हणते ते आहे, बहीण काय म्हणते ते आहे, एजंटाचं तर आहेच. नसलेली लिफ्टसुद्धा आहे. आई मात्र येते ती शेवटून दुसऱ्या वाक्यात, आणि ती काय म्हणते याबद्दल चकार शब्द नाही. तिला फक्त पोचवायचं आहे.

अहो, वन बीएचकेचं शूटिंग असलं की घरातल्या माणसाला गाव सोडावं लागत नाही. हॉल चालू असताना स्वयंपाकघरात थांबायचं, स्वयंपाकघर चालू असताना गॅलरीत. फार तर शेजारी जाऊन चहा पिऊन यायचं. त्या दोन तासांसाठी म्हाताऱ्या बाईला तीन मजले उतरवायचं, दोन स्टेशनं पलीकडे न्यायचं आणि संध्याकाळी पुन्हा तीन मजले चढवायचं, ही सोय नक्की कोणाची? तुम्ही आईला सांगितलेलंच नाही ना? माझा अंदाज चुकला असेल तर कळवा, याच जागी जाहीर माफी मागेन. पण ‘आम्ही दोघांनी ठरवलं आहे’ हे तुम्ही इतक्या सहज लिहून गेला आहात, की तशी वेळ येईलसं वाटत नाही.

आता तुमच्या व्हिडिओचं काय होईल ते सांगते. एजंट तो स्वतःपाशी जपून ठेवणार नाही, त्याचा धंदाच तो नव्हे. तो दहा एजंटांच्या ग्रुपवर टाकेल, ते आपापल्या गिऱ्हाइकांना धाडतील, आणि त्यातला एखादा तुमच्याच गल्लीत राहत असेल. डोंबिवली आहे ती. दुबईच्या माणसाने व्हिडिओ उघडायच्या आधी दुसऱ्या मजल्यावरच्या काकू मोबाइल हातात घेऊन वर येतील. “अहो, विकताय का? बोलला नाहीत ते!” मग तुमची आई चष्मा शोधेल आणि दुसरीच्या मोबाइलवर स्वतःचं स्वयंपाकघर बघेल. ओट्यावर तिचा मिसळणाचा डबा. भिंतीवर कालनिर्णय, त्यात सिलिंडर लावला त्या तारखेभोवती तिनेच पेनाने काढलेलं गोल. दांडीवर तिचा टॉवेल. आणि खाली पट्टी: ‘अर्जंट सेल, किंमत बसून ठरवू.’

तेव्हा काकूंना ती काय उत्तर देईल? बहुतेक म्हणेल, “हो, मुलांचं चाललंय काहीतरी.” तुमची लाज राखेल. ते तुम्हाला कधी कळणारही नाही, आणि मला राग येतो तो त्याचाच.

कायद्याचंही ऐका, कारण बहिणीने तुम्हाला तिकडच्या पद्धती सांगितल्या, इकडची कोणी सांगितलेली दिसत नाही. ब्लॉक एकट्या बाबांच्या नावावर असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने बायको, मुलगा आणि मुलगी यांना सारखा वाटा मिळतो. आईचा एक, तुमचा एक, बहिणीचा एक. सोसायटीत नॉमिनी म्हणून तुमचं नाव लागलं असेल, तर नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. तुम्ही भावंडांनी कितीही एकमताने ठरवलंत, तरी आईची सही झाल्याशिवाय हा ब्लॉक पुरता विकला जात नाही. तिने विक्रीच्या करारावर सही करायची, नाहीतर आधी तुमच्या नावे हक्कसोडपत्र करायचं. दोन्हींची नोंदणी लागते. म्हणजे रजिस्ट्रार ऑफिसात टेबलासमोर तिला बसवणार, अंगठा घेणार, आणि समोरच्या छोट्या कॅमेऱ्याने फोटो काढणार. ज्या कॅमेऱ्यापासून तुम्ही तिला लांब नेताय, तो तिथे तिची वाट बघत बसलेला असेल. त्या दिवशी कल्याणला नाही पाठवता येणार.

(ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थ आणि कल्याणासाठी २००७ साली कायदा झाला, तुम्ही ऐकलं असेल. त्यातलं कल्याण मध्य रेल्वेवरचं नव्हे.)

‘नुसती सही कर, आई, मग सांगतो’ हा रस्ता डोक्यात असेल तर आत्ताच काढून टाका. माझ्या आत्याला तिच्या मुलाने पेन्शनचा कागद आहे म्हणून असंच नेलं होतं. आत्याने सही करायच्या आधी पर्स उघडून चष्मा काढला आणि सगळी पानं वाचली, मागे रांग खोळंबली तरी. मग सही केली. एक शब्द बोलली नाही. फक्त बाहेर आल्यावर मुलाने थांबवलेल्या रिक्षात बसली नाही, स्वतःची वेगळी केली. तेव्हापासून त्यांच्या घरी पाडव्याला काय वातावरण असतं ते मी बघत आलेय.

तुम्ही वाईट मुलगा आहात असं मी म्हणत नाही. वाईट मुलगा दोन तासांचा विचार करत बसत नाही. तुम्ही भित्रे आहात. आई रडेल याची भीती वाटते, बाबांचा विषय निघेल याची वाटते, आणि ती ‘नाही’ म्हणाली तर बहिणीला काय सांगायचं याची सगळ्यात जास्त. पण एक शक्यता तुमच्या मनात आलेलीच दिसत नाही. लिफ्ट नाही हे तुम्हाला गिऱ्हाइकासाठी आठवलं. तो जिना रोज कोण चढतं? भाजीची पिशवी पहिल्या मजल्याच्या कठड्यावर टेकवून दम कोण खातं? कदाचित ती गेली दोन वर्षं वाट बघत असेल की कोणीतरी विषय काढेल. कदाचित म्हणेल, बरं झालं बाबा. किंवा म्हणेल, मी मेल्यावर काय ते करा. यातलं काहीही म्हणायचा तिला हक्क आहे, आणि तो विचारल्याशिवाय बजावता येत नाही.

घर विकल्यावर ती राहणार कुठे, हेही पत्रात नाही. तुमच्याकडे, असं गृहीत असेल. तेही विचारायचं असतं. कुठल्या खोलीत, देवघर कुठे, आणि तिच्या वाट्याचे पैसे तिच्या खात्यात की तुमच्या.

व्हिडिओचं म्हणाल तर बायकोचं बरोबर आहे आणि एजंटाचंही. गेलेली फाइल परत येत नाही. त्यामुळे एजंटाला शूटिंग करू न देता, ज्याला खरंच रस आहे त्याला तुम्ही स्वतः व्हिडिओ कॉलवर फिरवून दाखवा. आधी किल्ल्यांचा हूक, विजेचं बिल, औषधांच्या पट्ट्या, नातवंडांचे शाळेच्या गणवेशातले फोटो काढून ठेवा, आणि दाराच्या कुलुपावर कॅमेरा नेऊ नका. बाथरूमच्या भिंतीला ओल असेल तर ती मात्र दाखवा. लपवलीत तर माणूस प्रत्यक्ष येऊन बघेल आणि तिच्या दुप्पट भाव पाडेल. झालं. हा प्रश्न एवढाच होता.

या शनिवारी डोंबिवलीला जा. एकटे जा. बायकोला नेऊ नका, बहिणीला स्पीकरवर घेऊ नका. जेवायला जा, कारण जेवण होईपर्यंत तुमचा धीर होणार नाही हे मला दिसतंय. ती भांडी आवरायला उठेल तेव्हा म्हणा, “आई, बस जरा. ब्लॉक विकायचा विचार आहे. तुला न विचारता आम्ही पुढे गेलो, चुकलं.” ‘चुकलं’ म्हणायला विसरू नका. मग गप्प बसा. ती बराच वेळ बोलणार नाही, तेव्हा भाव सांगायला सुरुवात करू नका. बाबांनी तो केवढ्याला घेतला होता आणि त्यासाठी तिच्या कुठल्या बांगड्या मोडल्या होत्या, हे कदाचित तीच तुम्हाला सांगेल.

आणि आज एजंटाला फोन करून शूटिंग थांबवा. कारण विचारलं तर सांगा, घरच्या मालकिणीला अजून विचारलेलं नाही.