ईस्टरनंतरच्या रविवारी जा

सलाम बाय,

तू रत्नागिरीची, नर्सिंग झालेली, जर्मनची बी-टू परीक्षा सुटलेली, हॅम्बुर्गच्या हॉस्पिटलात नोकरी पक्की आणि पुढच्या महिन्यात विमान. विचारलं आहेस ते असं: तिथल्या लुथरन मंडळीत, म्हणजे मार्टिन लूथरच्या वळणाच्या प्रोटेस्टंट चर्चमध्ये, आपल्यासारखीला कोणी जवळ करतं का, नाव नोंदवताना फॉर्मवर धर्म लिहावा की नाही, आणि आईला काय सांगू, कारण ती म्हणते, ‘पोर तिकडे गेली की देवाला विसरेल.’

मी अकरा वर्षं हॅम्बुर्गला आहे. यंदा ईस्टरला वेंगुर्ल्याला घरी आले, अजून इथेच आहे. पडवीत बसून लिहितेय, जरा लांबेल. मी गेले तेव्हा हे सांगणारं कोणी नव्हतं, म्हणून सगळंच लिहिते.

आधी माझी चूक सांगते. माझा तिथला पहिला ईस्टर. शनिवारी रात्री मैत्रिणीबरोबर ब्लांकेनेझेला एल्ब नदीच्या काठी गेले. तिथे ईस्टरच्या आदल्या रात्री मोठमोठे जाळ पेटवतात. अगदी आपल्या शिमग्याच्या होमासारखे, फक्त थंडी हाडात शिरणारी. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या भागातल्या चर्चमध्ये गेले तर बसायला जागा नाही. ऑर्गन, तुताऱ्या, नवी उंच मेणबत्ती, तिच्यावर आल्फा आणि ओमेगा ही ग्रीक अक्षरं आणि त्या वर्षाचा आकडा. पाळक म्हणाले, ‘ख्रिस्त उठला आहे’, आणि सगळं चर्च एका आवाजात म्हणालं, ‘खरोखर उठला आहे.’ शब्द परके होते, पण अर्थ आईच्या भाषेतला होता. वाटलं, मिळाली मला माझी मंडळी.

पुढच्या रविवारी त्याच उमेदीने गेले. मोजून तेवीस माणसं. बहुतेक सत्तरीच्या पुढची, मोठ्या रिकाम्या बाकांवर लांब लांब बसलेली. माझ्या बाकावर कोणी आलं नाही. उपासना संपल्यावर दोघांनी मान हलवून हसून पाहिलं, तेवढंच. घरी येऊन मी रडले, आणि नंतर कितीतरी रविवार गेलेच नाही. मनात पक्कं केलं की यांचा विश्वास थंड आहे.

बाय, ते माझं पाहणंच चुकलं होतं. ईस्टरला भरलेलं चर्च ही पाहुण्यांची गर्दी होती. ते तेवीस जण ही खरी मंडळी होती. आणि हे मला, कोकणातल्या पोरीला, कळायला हवं होतं. आपल्या मंडळ्या किती मोठ्या असतात? आमची अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनच्या काळापासूनची. १९७०ला कितीतरी प्रोटेस्टंट मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं तेव्हा आम्ही त्यात आलो. पावसाळ्यातल्या रविवारी आमच्याकडे पंचवीस माणसं आली तर पाळकसाहेब खूश होतात. ईस्टरला मुंबईकर येतात, समुद्रावर सूर्योदयाची उपासना होते, पोरंटोरं, नवे कपडे. सोमवारपासून मुंबईकरांच्या गाड्या परत लागतात आणि पुढच्या रविवारी तीच आठ-दहा घरं उरतात. पण त्या आठ-दहा घरांनीच ना आपल्याला वाढवलं? माझा बाबा गेला तेव्हा पेटी खांद्यावर घ्यायला तीच माणसं आली. मग हॅम्बुर्गला तेवीस माणसं दिसल्यावर मला परकं का वाटावं?

म्हणून माझं पहिलं सांगणं: मंडळी कशी आहे ते ईस्टरला पाहू नकोस, ईस्टरनंतर पाहा. तू पोहोचशील तो काळ त्याला अगदी योग्य आहे.

तिथे ईस्टरपासून पन्नासाव्या दिवसाच्या सणापर्यंत, म्हणजे पेंटेकॉस्टपर्यंत, प्रत्येक रविवाराला जुनं लॅटिन नाव आहे. पहिला क्वाझिमोडोगेनिटी. नाव अवघड, अर्थ सोपा: ‘नवजात बालकांसारखे’, पेत्राच्या पहिल्या पत्रातलं दुसऱ्या अध्यायातलं वचन. परदेशात नवी आलेली, वाक्य जुळवताना अडखळणारी बाई त्या रविवारी काय ऐकते ते तुला तिथे गेल्यावर कळेल. दुसरा रविवार चांगल्या मेंढपाळाचा, तेविसावं स्तोत्र त्याच दिवशी. तिसरा यूबिलाटे, म्हणजे जयघोष करा. चौथा कान्टाटे, म्हणजे गा. त्या दिवशी गायनमंडळाची पूर्ण कसोटी असते. मग रोगाटे, प्रार्थनेचा. गुरुवारी स्वर्गारोहण, त्या दिवशी सरकारी सुट्टी असते आणि बऱ्याच ठिकाणी उपासना उघड्यावर, बागेत घेतात. मग एक्साउडी, आणि मग पेंटेकॉस्ट, त्याच्या सोमवारचीही सुट्टी. आपल्याकडे ईस्टर झाला की डोक्यात आंबे, काजू आणि पावसाआधीची कौलं. तिथे पन्नास दिवस सण चालू राहतो. हे मला त्या लोकांकडून मिळालेलं फार मोठं देणं वाटतं. पुनरुत्थान एका सकाळीत आटोपत नाही.

याच आठवड्यांत दृढीकरणही होतं, म्हणजे लहानपणी बाप्तिस्मा झालेली पोरं आपला विश्वास स्वतः कबूल करतात. चौदा वर्षांची पोरं, पहिल्यांदा कोट घातलेली. काही मंडळ्यांत ज्यांच्या दृढीकरणाला पन्नास वर्षं झाली त्यांनाही पुढे बोलावून आशीर्वाद देतात. म्हाताऱ्या बायका एकमेकींचा हात धरून उभ्या असतात. ते पाहायला नक्की जा, कुणाला ओळखत नसलीस तरी.

आता मला कोणी जवळ केलं का, त्याबद्दल. दुसऱ्या वर्षी मी ईस्टरनंतरच्या रविवारी मुद्दाम गेले. पाळकबाई होत्या. (तिथे बाई पाळक असणं नवलाचं नाही. हॅम्बुर्गनेच १९९२ साली जगातली पहिली लुथरन बिशपबाई निवडली.) प्रवचन योहानाच्या एकविसाव्या अध्यायावर होतं. शिष्य परत मासे मारायला गेले, रात्रभर काही मिळालं नाही, पहाटे किनाऱ्यावर प्रभू उभा, आणि जाळ्यात एकशे त्रेपन्न मोठे मासे. किनाऱ्यावर निखारे पेटलेले, त्यावर मासा, आणि भाकर. ‘या, न्याहारी करा.’ बाय, मी तो अध्याय लहानपणापासून ऐकलाय, पण त्या दिवशी मला वेंगुर्ल्याचं बंदर दिसलं. रापणीचं जाळं ओढून दमलेली माणसं, आणि कुणीतरी वाळूत केलेली आग.

उपासनेनंतर मागच्या खोलीत कॉफी असते. पहिल्या वर्षी मी तिथे कधी थांबलेच नव्हते, बोलावलं नाही म्हणून. त्या दिवशी थांबले. शेजारच्या म्हातारीला मोडक्या जर्मनमध्ये म्हटलं, आमच्याकडे बांगडा असाच निखाऱ्यावर भाजतात. ती म्हणाली, तिचा नवरा बंदरात कामाला होता, तो हेरिंग असाच खायचा. मीठ किती लावता, विचारलं. अर्धा तास आम्ही मिठावर बोललो. निघताना मी विचारलं, कपबश्या मी धुऊ का? तिने लगेच ॲप्रन हातात दिला.

तिथे सगळं या एका प्रश्नाने सुरू होतं. ती माणसं आपणहून येऊन ‘कुठली तू, लग्न झालं का, पगार किती’ विचारणार नाहीत. दुसऱ्याला एकटं राहू देणं हा त्यांच्या लेखी मान आहे. आपल्याला तो दुरावा वाटतो. काम मागितलंस की तू घरची झालीस. मी कॉफी करते, ईस्टरच्या आदल्या दिवशी अंडी रंगवते, आणि सहा वर्षांपासून गायनमंडळात आहे. तुला गाता येत असेल तर पहिल्या महिन्यातच गायनमंडळात शीर. माझे उच्चार कुठल्याही क्लासपेक्षा तिथे जास्त सुधारले, आणि दर गुरुवारी संध्याकाळी माझी वाट पाहणारी वीस माणसं मिळाली. त्यातल्या एकीने मला ताप आला तेव्हा चार दिवस सूप आणून दाराशी ठेवलं. बेल वाजवून निघून जायची, त्रास नको म्हणून. त्यांचं प्रेम असंच असतं, दाराबाहेर ठेवलेलं. दार आपण उघडायचं.

उपासनेत काही गोष्टी वेगळ्या वाटतील. फळीवर गीतांचे आकडे लावलेले असतात, पुस्तक दारातच मिळतं. प्रवचन चालू असताना कोणी मोठ्याने ‘आमेन’ म्हणत नाही, मनाने प्रार्थना करायला कोणी उठत नाही, प्रार्थना बहुतेक लिहिलेल्या. सुरुवातीला मला ते कोरडं वाटलं. पण शेवटी मंडळीतल्या, त्या आठवड्यात वारलेल्या माणसांची नावं वाचतात आणि त्यांच्यासाठी प्रार्थना होते. हळूहळू त्या शांततेतही ऊब लागायला लागली.

प्रभुभोजनाला वेदीभोवती अर्धवर्तुळ करून उभं राहतात. पातळ पापडासारखी भाकर आणि प्याला, बऱ्याच ठिकाणी द्राक्षांचा रसही. लुथरन शिकवण अशी की भाकर आणि द्राक्षारस यांत ख्रिस्त खरोखर उपस्थित आहे. आपण प्रेस्बिटेरियन वळणाचे, आपल्याकडे हे थोडं वेगळ्या शब्दांत शिकवतात. याच मुद्द्यावर १५२९ साली मारबुर्गला लूथर आणि झ्विंगली या दोन धर्मसुधारकांचं जुळलं नाही. पण युरोपातल्या लुथरन आणि रिफॉर्म्ड (म्हणजे आपल्या प्रेस्बिटेरियन वळणाच्या) मंडळ्यांनी १९७३च्या लॉयेनबर्ग करारात एकमेकांना प्रभुभोजनाला मोकळं केलं. मला कोणीही कधी अडवलं नाही. बाप्तिस्मा पुन्हा घ्यावा लागत नाही. फक्त एक सांगते, सरकारी नोंदणीतल्या प्रांतिक मंडळ्यांबाहेर काही स्वतंत्र लुथरन मंडळ्या आहेत, त्या भोजनाबाबत जास्त काटेकोर असतात. तिथे गेलीस तर आधी पाळकांशी बोल.

फॉर्मबद्दल. घर मिळालं की दोन आठवड्यांत पत्ता नोंदवावा लागतो. तिथे धर्म विचारतात. ‘एव्हांगेलिश’ (म्हणजे प्रोटेस्टंट) लिहिलंस की तू पत्त्यानुसार त्या भागातल्या मंडळीची सभासद होतेस आणि पगारातून चर्चचा कर कापला जातो. तो पगाराच्या नव्हे, प्राप्तिकराच्या ९ टक्के असतो (बव्हेरिया आणि बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये ८). म्हणजे महिन्याला ३०० युरो प्राप्तिकर असेल तर २७ युरो. आपल्याकडची कितीतरी मुलं हे पैसे वाचवायला तो रकाना रिकामा ठेवतात. उपासनेला कोणीही येऊ शकतं, सभासद असो वा नसो, दारात कोणी विचारत नाही. तरी मी तुला खरं लिहायलाच सांगेन. इथे आई पहिल्या काजूच्या पैशातून दानाचं पाकीट बाजूला काढते, ते कोणी मागितलं म्हणून नाही. शिवाय पुढे कुणाच्या बाळाच्या बाप्तिस्म्याला साक्षी म्हणून उभं राहायचं असेल तर सभासद असावं लागतं. मी आता दोन पोरांची तशी मावशी आहे. बाप्तिस्म्याचा आणि दृढीकरणाचा दाखला मूळ प्रत घेऊन जा, पाळकसाहेबांची सही-शिक्का नीट पाहून.

ड्युटीचं वेळापत्रक लागतानाच वॉर्डच्या प्रमुखाला सांग की महिन्यातले निदान दोन रविवार सकाळी मोकळे हवेत. नव्या मुली लाजतात, बोलत नाहीत, आणि मग वर्षभर रविवारच मिळत नाही. विश्वास जातो तो बहुतेक असाच, थकव्याने. वादविवादाने गेलेला मी फारसा पाहिला नाही.

एकटेपणा फारच झाला तर बंदरात डुकडाल्बनला जा. तो खलाशांचा क्लब आहे, जर्मन सीमेन्स मिशनचा, १९८६पासून. जगभरच्या जहाजांवरची माणसं तिथे दोन घटका येतात, घरी फोन करतात, आणि सगळ्या धर्मांसाठी प्रार्थनेची खोलीही आहे. आपल्या किनाऱ्यावर कोणत्या घरात जहाजावर गेलेला माणूस नाही? एकदा मी तिथे आईशी फोनवर बोलत होते, मागून आवाज आला, ‘तू खंयची गो?’ देवगडचा माणूस, चार महिने मालवणी ऐकली नव्हती त्याने. ईस्टरनंतरचाच आठवडा होता, त्याचा ईस्टर समुद्रात गेला होता. पाळक कोणी नव्हते. आम्ही दोघांनी त्या खोलीत एक गीत म्हटलं, प्रभूची प्रार्थना मराठीत केली, आणि तो जहाजावर परत गेला.

आईला सांग, उपासना दहाला असते, कॉफी उरकून बाराला फोन करेन. उन्हाळ्यात तेव्हा आपल्याकडे साडेतीन वाजलेले असतात, जेवून पडायची वेळ. आणि ते लोक अगदीच परके नाहीत हेही सांग. घरावर मंगलोरी कौलं असतील तर वर बघायला लाव. मंगलोरला कौलांचा पहिला कारखाना १८६५ साली काढला तो बासेल मिशनच्या जर्मन माणसाने, प्लेब्स्ट त्याचं नाव.

मी या महिन्याच्या शेवटी परत जातेय. पोहोचलीस की पहिल्या रविवारी पावणेदहाला ये, मी दाराशी गीतांची पुस्तकं वाटायला उभी असेन. येताना घरची आमसुलं आण थोडी, माझी संपलीत. आणि उपासनेनंतर लगेच निघू नकोस, कपबश्या पुसायला एक माणूस कमी आहे.