प्रार्थना करूनही मन शांत होत नाही तेव्हा

"रोज प्रार्थना करते, तरी मन शांत होत नाही. माझा विश्वासच कमी पडतोय का?" हा प्रश्न इतक्यांदा ऐकलाय की वाक्य अर्ध्यावर असतानाच पुढचं कळतं. विचारणारे बहुधा श्रद्धाळूच असतात. विश्वास खरंच विरलेला माणूस ही तक्रार घेऊन येत नाही.

पन्नाशीच्या एक बाई आल्या होत्या (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत). घरी अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई, मंडळीत (चर्चमध्ये) महिलांच्या प्रार्थनासभेची जबाबदारी. पहाटे चारला उठून तासभर गुडघ्यांवर, आणि उठताना आधीपेक्षा जास्त थकवा.

"त्या तासात काय मागता?"

"सासूबाईंसाठी, मुलांसाठी, मंडळीतल्या आजाऱ्यांसाठी."

"स्वतःसाठी?"

"शक्ती. सेवा करायला."

"देवावर कधी चिडता?"

त्या दचकल्या. "असं कसं चालेल?"

मी बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतलं 13वं स्तोत्र काढून दिलं आणि मोठ्यानं वाचायला सांगितलं. जेमतेम सहा वचनं. पहिल्या दोन वचनांतच 'कोठवर' हा सवाल चारदा येतो. त्या दुसऱ्या वचनाशी थांबल्या, पुन्हा पहिल्यापासून वाचू लागल्या आणि मध्येच पुस्तक मिटलं. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "हे शास्त्रात आहे? मग मी इतकी वर्षं कुणाला घाबरत होते?" त्या दिवशी आम्ही पुढे फारसं बोललो नाही. बोलायची गरजही नव्हती.

'फक्त स्तुती करा, मन हलकं होईल' हा सल्ला मला पटत नाही. तो देणाऱ्याला सोपा जातो, ऐकणाऱ्याला आणखी एकटं पाडतो. स्तोत्रसंहितेत विलापाची स्तोत्रं सर्वांत जास्त आहेत. 88वं तर अंधारातच संपतं. विलाप म्हणजे अविश्वास असता, तर तो उपासनेच्या गीतांत आलाच नसता.

बाईंना दिलेली रीत 13व्या स्तोत्रावरूनच घेतलेली होती. तासाऐवजी दहा मिनिटं, खुर्चीत बसून, अंथरुणात नाही. पहिली पाच मिनिटं तक्रार, नेमक्या शब्दांत: 'मी दुःखी आहे' असं मोघम नको, 'काल रात्री तीनदा उठावं लागलं आणि कुणी विचारलंही नाही' असं. मग एकच मागणं, आजच्या दिवसापुरतं. शेवटी, जमलं तर, भरवशाचं एक वाक्य. नाही जमलं तर 'आमेन' म्हणून उठायचं. दुसऱ्यांसाठीच्या विनंत्या संध्याकाळी, वेगळ्या.

यात बिघडतं ते दोन ठिकाणी. माणसं तक्रार अर्ध्या मिनिटात उरकून उपकारस्तुतीकडे पळतात, कारण अपराधी वाटतं. किंवा तक्रार घोळवत बसतात; त्याच काळजीची उजळणी होते आणि तिलाच प्रार्थना समजलं जातं. ओळखायची खूण सोपी: वाक्य 'हे प्रभू, तू' असं सुरू होतंय, की 'उद्या काय होईल' असं? दुसरं असेल तर थांबून पहिलं वाक्य पुन्हा म्हणावं. पहिले काही दिवस रडू येतं, त्याला भिऊ नये.

तिसऱ्या भेटीत विषय झोपेचा निघाला. पहाटेची प्रार्थना बंद करा म्हटल्यावर त्यांना धक्का बसला. मग बायबलमधली एलीयाची गोष्ट वाचली, '1 राजे' हे पुस्तक, अध्याय 19. कर्मेल डोंगरावर स्वर्गातून अग्नी उतरलेला पाहिलेला हा संदेष्टा झुडपाखाली बसून मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर, पाणी, झोप. पुन्हा भाकर, पाणी. 'तू इथे काय करतोस?' हा प्रश्न देव नंतर विचारतो, चाळीस दिवसांची वाट संपून होरेब डोंगराला पोचल्यावर. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो.

झोप दोन आठवड्यांहून जास्त उडाली असेल, कशातच रस उरला नसेल, तर डॉक्टरांकडे जावं. मरणाचे विचार येत असतील तर दोन आठवडे थांबू नये, त्याच दिवशी जावं. गोळी घेतल्यानं विश्वास कमी होत नाही.

मग 'अहो कष्टी व भाराक्रांत जनहो' या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 11व्या अध्यायातल्या वचनावर बोललो; त्यात येशू अशांना आपल्याकडे बोलावून विसावा द्यायचं वचन देतो. त्यांचा समज असा, की ओझं उतरलं की विसावा. पण पुढच्याच वचनात येशू जू घ्यायला सांगतो. जू ओढायला जोडी लागते. "म्हणजे काम तेच राहणार," त्या सावकाश म्हणाल्या, "पण मी एकटीच ओढत होते." ही उकल त्यांची स्वतःची. माझं काम इतकंच, की वचन लवकर समजावून टाकलं नाही.

त्याच आठवड्यात त्यांनी पाळकांना (पास्टरांना) सांगून प्रार्थनासभा तीन महिन्यांसाठी मंडळीतल्या दुसऱ्या बहिणीकडे सोपवली, आणि आठवड्यातल्या दोन रात्री सासूबाईंजवळ नणंदेला बोलावलं. सासूबाई अजून अंथरुणावरच आहेत. शेवटच्या भेटीत बाई थोड्या ओशाळून म्हणाल्या, "काल तक्रारीला काही सुचलंच नाही. पाच मिनिटं नुसती बसून राहिले." मग विचारलं, "चालतं ना तसं?"