घाटात क्लच सुटेनासा होतो

प्रश्न : माझ्याकडे वीस वर्षं जुनी, दोन सीटची स्पोर्ट्स कार आहे. कन्नड घाटात ट्रकांमागे अडकलो की दहा-पंधरा मिनिटांत क्लच नीट सुटत नाही, रिव्हर्स टाकताना खरखर होते. गाडी थंड झाली की पुन्हा ठणठणीत. अशीच गाडी असलेल्या तिघांना विचारलं. नाशिकचे म्हणतात, स्टीलच्या जाळीचा होज (ऑइलची लवचीक नळी) टाका. इंदूरच्यांनी तर मोठ्या बोअरचा, म्हणजे आतून रुंद, मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ऑइल ढकलणारा) कुरिअरने पाठवूनच दिलाय. तिसरे म्हणतात, नुसतं क्लचचं ऑइल बदला. कुणाचं ऐकू?
– एक वाचक, चाळीसगाव

उत्तर : भाऊ, तो सिलिंडर आधी खोक्यात परत ठेवा. मी बसवला होता. १५.८७ मिलिमीटरच्या जागी १९.०५. ऐकायला तीन मिलिमीटरचा फरक, पण बोअरचं क्षेत्रफळ ४४ टक्क्यांनी वाढतं. म्हणजे तेवढ्याच पेडलला ४४ टक्के जास्त ऑइल ढकललं जातं आणि पायालाही तेवढाच जास्त जोर लागतो. दोन दिवस मजा आली, पेडल जरासं दाबलं की क्लच सुटायचा. तिसऱ्या दिवशी पारोळ्याच्या अलीकडे स्लेव्ह सिलिंडरचा (त्या ऑइलच्या दाबाने दांडी सरकवून क्लच सोडवणारा) पिस्टन प्रमाणाबाहेर सरकून बाहेरच आला, सगळं ऑइल रस्त्यावर. ट्रॅक्टरने ओढत एरंडोलला आणली. तिथल्या म्हाताऱ्या मिस्त्रीने खाली वाकून एकच विचारलं, "दांडी कितली सरकस ते पयले मोजं का?" मोजलं नव्हतं.

तुम्ही मोजा. गिअरबॉक्सजवळ स्लेव्हची दांडी असते. कुणाला तरी पेडल पूर्ण दाबायला सांगा आणि व्हर्निअरने (बारीक माप घ्यायच्या पट्टीने) बघा ती किती सरकते. आधी थंड गाडीवर, मग घाट चढून आल्या आल्या (हातमोजे घाला, सायलेन्सरचा पाइप तिथेच असतो). आणि त्या तिघांनाही आपापल्या गाड्यांची दांडी मोजायला लावा. सारख्या गाडीचे मालक ओळखीचे असण्याचा खरा फायदा सल्ल्यापेक्षा या आकड्यांचा आहे. समजा त्यांच्याकडे १४ मिलिमीटर येतंय, तुमच्याकडे थंड गाडीवर १४ आणि तापल्यावर १०, तर सिलिंडर लहान नाही, उष्णता खातेय. थंड गाडीवरच कमी आलं तर लाइनमध्ये हवा आहे किंवा रबर गेलंय.

तुमची लक्षणं ऐकून माझा कौल तिसऱ्यांना. क्लचमध्ये ब्रेक ऑइलच असतं आणि ते हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ प्रतीचं ब्रेक ऑइल नवं असताना २३० अंशांच्या वर उकळतं, पाणी मुरलं की हीच हमी १५५ वर येते. खाली इंजिनाची धग, वर आपला ४५ अंशांचा मे महिना. ऑइलमध्ये वाफ झाली की पेडल ऑइल ढकलण्याऐवजी वाफच दाबत बसतं. थंड झालं की वाफ जिरते, म्हणून तर गाडी पुन्हा ठणठणीत.

तेव्हा जुनं ऑइल पूर्ण काढा, नवं सीलबंद डब्यातलंच घाला, स्लेव्हच्या निपलमधून (हवा सोडायच्या स्क्रूमधून) एअर काढा. कुणी इंजिन ऑइल घालतो म्हणाला तर त्याला गाडीला हात लावू देऊ नका. रबर फुगून सगळे वॉशर जातात. मग थंड गाडीत, इंजिन चालू ठेवून, हँडब्रेक ओढून पहिल्या गिअरमध्ये पेडल मिनिटभर दाबून धरा. पाय न हलवता गाडी पुढे ओढायला लागली आणि बाहेर कुठे गळती नसली, तर मास्टरचं किट (आतली रबरं) बदला, मूळ मापाचंच.

नाशिकच्यांचा होज चांगलाच आहे. जुना रबरी होज तापून फुगतो, तेवढी दांडी कमी सरकते. लावा, पण ऑइल बदलूनही आकडा कमीच येत असेल तर. आणि लांबी मूळ होजइतकी घ्या, सायलेन्सरच्या पाइपापासून लांब बांधा.

ऑइल भरताना फेंडरवर गोधडी टाका. रंगावर सांडलं तर पुसत बसू नका, लगेच भरपूर पाणी ओता. माझ्या उजव्या फेंडरवर रुपयाएवढा पत्रा उघडा पडलाय, तो पुसण्याच्या नादात.