आजार लिहीत नाही, तू लिहितेस

प्रिय मुली,

तुझं पत्र वाचून आधी राग आला, मग काळजी वाटत राहिली. मनाच्या आजारावरच्या गोळ्या घेतल्या की तुझ्या कादंबरीतली बाई हातून निसटते, म्हणून तू त्या परस्पर बंद केल्यास? आजार लिहीत नाही गं. लिहितेस तू.

अमेरिकन कवयित्री सिल्व्हिया प्लाथचं नाव तूच काढलंस, तर तिच्या तारखाही बघ. न्यूयॉर्कच्या मासिकात काम केलेला महिना, घरी परतल्यावरचं कोसळणं, उपचाराचे विजेचे झटके, मॅक्लीन हे मनोरुग्णालय, हे सगळं १९५३ सालचं. त्यावरची 'द बेल जार' ही कादंबरी तिने लिहिली १९६१ मध्ये, लंडनला. मधल्या काळात ती कॉलेजात परतली, पदवी घेतली, केंब्रिजला शिकली, संसार थाटला, आई झाली. कादंबरीच्या नायिकेला, एस्थरला, धड वाचता येत नाही, झोप येत नाही. ती एस्थर हे पुस्तक लिहूच शकली नसती. ते लिहिलं उपचार घेऊन पुन्हा उभ्या राहिलेल्या, रोज टेबलाशी बसणाऱ्या बाईने. आजार पुढे परत आला, हेही खरं. १९६३ च्या जानेवारीत पुस्तक टोपणनावाने आलं आणि महिन्याच्या आत तिने आयुष्य संपवलं. तेव्हापासून लोक ती कादंबरी मरणाच्या टोकाकडून मागे वाचतात. तू तरी तसं वाचू नकोस.

अमेरिकन लेखिका शार्लट पर्किन्स गिलमनचंही तेच. १८८७ मध्ये डॉक्टर वेअर मिचेल यांनी नैराश्यावर उपाय म्हणून तिला सक्तीची विश्रांती दिली, लेखणीला हात लावायचा नाही म्हणून बजावलं. ते उपचार झुगारून ती कामाला लागली, सावरली आणि मग 'द यलो वॉलपेपर' ही कथा लिहिली. भिंतीवरच्या कागदात बाई दिसते ती कथेतल्या नायिकेला. गिलमनला स्वतःला असले भास कधी झाले नव्हते, तिने तसं स्पष्ट लिहून ठेवलंय. भोगलं एक, रचलं दुसरं. आणि इंग्रज कादंबरीकार व्हर्जिनिया वुल्फ! 'मिसेस डॅलोवे'मध्ये आपलं वेड तिने नायिका क्लॅरिसाला दिलंच नाही, युद्धावरून परतलेल्या सेप्टिमसला दिलं. मूळ आराखड्यात मरणार होती क्लॅरिसा. हा बदल कुठल्या झटक्यात सुचत नाही बाळ, तो शांत डोक्याने करावा लागतो. आयुष्य कादंबरीत शिरतं ते असं, लेखिकेने दार उघडून दिल्यावर आणि तिने ठरवलेल्या खोलीत.

तू विचारतेस, आई दुखावली तर? दुखावेल. प्लाथच्या आईचा विरोध असूनही १९७१ मध्ये ते पुस्तक अमेरिकेत निघालंच. माझ्या कादंबरीतली सासू म्हणजे आमची आत्याच, असं घरात सगळे म्हणत राहिले. मी आत्याचा आवाज घेतला, उंबऱ्यात उभं राहून बोलायची तिची ढब घेतली. तिचं आयुष्य मी घेतलेलं नाही, हे तेव्हाही सांगितलं आणि आजही सांगते. त्या बाईवर मी जेवढी माया केली तेवढी त्या पुस्तकात कुणावरच केली नाही. वाचणाऱ्याला ती माया दिसायला नको का? आत्या पुस्तक न वाचताच गेली, ही खंत मात्र जात नाही. पण त्यासाठी एक ओळही बदलणार नाही.

तुझ्या पानांत मला खटकलं ते वेगळंच. नायिका पडून आहे, पडून आहे, पडूनच आहे. बाकीची माणसं कुठे गेली? तिला जेवायला उठवणारी बहीण पहिल्या प्रकरणानंतर गायब का? आजारात आपल्याला आजूबाजूचं कुणी दिसत नाही. लिहिताना दिसायला हवं. ते दिसण्यासाठी तू बरी असायला हवीस, निदान बरी होण्याच्या वाटेवर. पुन्हा सांगते, आजार लिहीत नाही.

गोळ्यांनी सुस्ती येत असेल, शब्द सुचत नसतील, तर तसं डॉक्टरांना सांग. मात्रा बदलता येते, औषध बदलता येतं. परस्पर बंद करणं धोक्याचं आहे आणि परस्पर सुरूही करू नकोस. आज फोन कर, उद्यावर ढकलू नकोस. त्यांनी काय सांगितलं ते मला कळव. कादंबरीची पानं त्यानंतर पाठव. बहिणीचा प्रसंग लिहून झाला असेल तर तो आधी.

तुझी,
बाई