भावाचा ईईजी पाहिला, आता तेच काम शिकावेसे वाटते

प्रश्न : मी फोंड्याला बारावी विज्ञानात आहे. माझा आठ वर्षांचा भाऊ वर्गात मध्येच गप्प होऊन टक लावून बघत राहायचा. बाईंना वाटायचे, लक्ष नाही. बांबोळीच्या रुग्णालयात ईईजी, म्हणजे डोक्याला तारा लावून मेंदूतल्या विजेची नोंद, काढताना टेक्निशियन ताईंनी त्याला भिरभिरे फुंकायला लावले. दुसऱ्याच मिनिटाला तो थांबला आणि पडद्यावर मोठ्या लाटा उठल्या. मला हेच शिकायचे आहे. बाबा म्हणतात, मशीन चालवायला सायन्स कशाला? ‘नीट’ची प्रवेश परीक्षा दे, डॉक्टर हो.

उत्तर : तुझ्या पत्रात डॉक्टर होण्याबद्दल एकच वाक्य आहे आणि तेही बाबांचे. बाकी सगळे पत्र त्या खोलीबद्दल आहे. मला ते महत्त्वाचे वाटते.

ते भिरभिरे भावाला रमवण्यापुरते नव्हते. जोरजोरात श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि अॅबसेन्स प्रकारच्या अपस्मारात, म्हणजे मूल काही क्षण गप्प होऊन टक लावते त्या फिट्समध्ये, झटका तिथल्या तिथे येऊ शकतो. त्या वेळी टोकदार शिखर आणि त्यामागे लाट अशी जोडी सेकंदाला साधारण तीनदा, डोक्याच्या दोन्ही बाजूंना एकदम उमटते. बोस्टनमध्ये गिब्ज, डेव्हिस आणि लेनॉक्स यांनी १९३५ साली ती नोंदवली. आजही निदानाचा आधार तीच आहे.

बाबांना सांग, मशीन आपोआप काही दाखवत नाही. मेंदूची ही वीज मायक्रोव्होल्टमध्ये मोजावी लागते. केसांना खोबरेल तेल असेल किंवा एखादा इलेक्ट्रोड (तारेच्या टोकाची चकती) सैल असेल, तर भलत्याच रेघा येतात आणि नवख्याला तो आजार वाटतो. वयाचे भान तर फारच लागते. दोन वर्षांच्या बाळाच्या ज्या संथ लाटा निरोगी, त्याच जाग्या असलेल्या बारा वर्षांच्या मुलात दिसल्या तर शंका घ्यावी लागते. रोलँडिक या मुलांमधल्या दुसऱ्या एका अपस्मारात शिखरे झोपेत वाढतात, म्हणून रडणाऱ्या पोराला तारा लावलेल्या अवस्थेत झोपवावे लागते. अहवाल डॉक्टर लिहितात, पण नोंदच कच्ची असेल तर त्यांनी वाचायचे काय?

मार्ग असा. बंगळूरच्या निम्हान्स या मेंदू-मनोविकार संस्थेत क्लिनिकल न्यूरोफिजिऑलॉजी टेक्नॉलॉजीची पदविका आहे, तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत न्यूरोटेक्नॉलॉजीची. प्रवेशाच्या अटी यंदाच्या माहितीपत्रकातच बघ. कुठे बारावी चालते, कुठे आधी पदवी मागतात. भौतिकशास्त्र मात्र सोडू नकोस. २०२१ च्या कायद्याने अशा सहयोगी आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगही आला आहे. गोव्यात या जागा थोड्या आहेत, त्यामुळे पुणे, मुंबई किंवा बंगळूरला राहायची घरच्यांची तयारी आताच करून घे.

झटके का येतात, औषध कोणते द्यायचे, हे ठरवायची ओढ असेल तर मात्र ‘नीट’ दे. एमबीबीएस साडेपाच, एमडी तीन आणि न्यूरॉलॉजीचे (मेंदूविकारांचे) डीएम तीन, म्हणजे साडेअकरा वर्षे धर. माझे मत विचारशील तर परीक्षा दे, पण गुण कमी पडले म्हणून टेक्निशियन झाले, असे स्वतःला कधी म्हणू नकोस.

भावाच्या पुढच्या तपासणीला जाशील तेव्हा त्या ताईंना विचार, परवानगी काढून एक दिवस बसू देतील का. सकाळपासून चार-पाच मुले येतील, त्यातले एखादे तासभर रडेल. संध्याकाळी फोंड्याच्या बसमध्ये बसल्यावर कसे वाटले, ते मला कळव. बाबांनाही एकदा तिथे घेऊन जा.