दोन नोड आहेत म्हणजे डीआर (आपत्तीत कामाला येणारी पर्यायी सोय) झाला का?

प्रश्न: नमस्कार सर, मी मुंबईत डीबीए (डेटाबेस सांभाळणारा) आहे. आमच्याकडे दोन नोडचं ऑरॅकल रॅक (एकच डेटाबेस दोन सर्व्हरवरून चालवणारी रचना) आहे, पुण्यात एक साधा सर्व्हर स्टँडबाय (डेटाबेसची राखीव प्रत) म्हणून मिळालाय. साहेब म्हणतात दोन नोड आहेतच की, मग डेटा गार्ड (मूळ डेटाबेसमधले बदल राखीव प्रतीकडे पाठवत राहणारी ऑरॅकलची सोय) कशाला? आणि करायचंच असेल तर प्रायमरीला (मूळ डेटाबेसला) रॅक असल्यामुळे काय वेगळं करावं लागतं?
– एक वाचक, ठाणे

उत्तर: साहेबांना एवढंच विचारा, दोन्ही नोडच्या खाली स्टोरेज किती? एकच. एक नोड पडला तर दुसरा काम चालू ठेवतो, पण स्टोरेजच गेलं किंवा बिल्डिंगमध्ये पाणी शिरलं तर दोन्ही एकदमच जाणार. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला होता, ते आठवत असेल त्यांना. तेव्हा पुण्याचा सर्व्हर हातचा जाऊ देऊ नका.

आता प्रायमरीचं. आर्काइव्हलॉग मोड (भरलेले लॉग पुसायच्या आधी जपून ठेवणं) चालू नसेल तर दोन्ही इन्स्टन्स (प्रत्येक नोडवर चालणारं ऑरॅकल) बंद करून डेटाबेस माउंटवर (वापरासाठी न उघडलेल्या स्थितीत) आणावा लागतो, म्हणजे डाउनटाइम आधीच मागून ठेवा. फोर्स लॉगिंग (प्रत्येक बदलाची नोंद सक्तीने ठेवणं) लगेच चालू करा, नाहीतर कोणीतरी रात्री नोलॉगिंगने, म्हणजे नोंद न ठेवता, मोठा लोड मारतो आणि ते ब्लॉक स्टँडबायवर करप्ट निघतात, तेही नेमके ज्या दिवशी गरज असते त्या दिवशी कळतं.

खरी गोची थ्रेडची आहे. रॅकमध्ये प्रत्येक नोडचा रिडो थ्रेड (त्या नोडने केलेल्या बदलांच्या नोंदींची साखळी) वेगळा, आणि प्रत्येक नोड आपला रिडो स्वतः पाठवतो. म्हणून स्टँडबाय रिडो लॉग (आलेला रिडो उतरवून घेणाऱ्या फाइली) थ्रेडनुसार बनवायचे, ऑनलाइन लॉगच्याच साइजचे आणि दर थ्रेडला एक ग्रुप जास्त. तुमचे तीन-तीन असतील तर चार-चार, एकूण आठ. पुण्याला एकच इन्स्टन्स असला तरी तिथेही आठच लागतात, आणि उद्या रोल उलटला (पुणे प्रायमरी आणि मुंबई स्टँडबाय झाली) तर लागतील म्हणून प्रायमरीवरही बनवून ठेवा.

मी स्वतः एका ठिकाणी रात्रभर अडकलोय म्हणून सांगतो, स्टँडबायची टीएनएस एंट्री (तिथे जोडणी करायचा पत्ता) फक्त पहिल्या नोडवर टाकलेली आणि आर्काइव्ह दोन्ही नोडच्या आपापल्या लोकल डिस्कवर पडत होते, त्यामुळे थ्रेड दोनचे लॉग पोचेचनात आणि अप्लायला (स्टँडबायवर बदल लागू करायला) दोन्ही थ्रेड क्रमाने लागतात म्हणून थ्रेड एकचे लॉग येऊनही सगळं ठप्प. त्यामुळे एंट्री दोन्ही नोडवर, आणि आर्काइव्ह एएसएमच्या (ऑरॅकलच्या स्टोरेज व्यवस्थेच्या) शेअर्ड डिस्क ग्रुपमध्येच. ब्रोकर, म्हणजे डेटा गार्ड सांभाळायचं साधन, वापरणार असाल (वापराच) तर त्याच्या कॉन्फिग फाइलीही तिथेच ठेवा.

पासवर्ड फाइल नवीन बनवू नका, प्रायमरीची आहे तशी कॉपी करा. डीबी नेम दोन्हीकडे तेच, डीबी युनिक नेम मात्र वेगळं. मग आरमॅनने (ऑरॅकलच्या बॅकअप साधनाने) अ‍ॅक्टिव्ह डुप्लिकेट मारा, म्हणजे चालू प्रायमरीवरून थेट प्रत बनवा, बाकी अवघड नाही. मोड म्हणाल तर आधी असिंकवरच (स्टँडबायच्या पोचेची वाट न बघता) चालवा, कारण सिंकमध्ये पुण्याहून उत्तर येईपर्यंत प्रत्येक कमिट थांबतो आणि शिव्या तुम्हाला पडतात.

आणि हो, एका रविवारी खरोखर स्विचओव्हर (दोन्हीकडच्या भूमिकांची अदलाबदल) करून अख्खं अ‍ॅप्लिकेशन पुण्यावर चालवून बघा. दोन नोडचा लोड तो एकटा सर्व्हर पेलतो की नाही हे त्याशिवाय कळणार नाही, आणि साहेबांना त्या दिवशी शेजारी बसवा.